उस्तादांची खुर्ची

क्यूबातल्या सिएनफुएगोस शहरात कुणाचा संगणक रुसला की लोक ओदालिसकडे धाव घेत. ओदालिस मात्र आपली सगळी विद्या एवेलिओ उस्तादांची, असं सांगे. उस्तादांना जाऊन सात महिने झाले होते. त्यांच्या जुन्या संगणकावर तिनं शनिवारी आपल्या दुकानात नवी ऑपरेटिंग सिस्टीम घातली, पाच वेळा सुरू करून पाहिला आणि रविवारी सकाळी तो उस्तादांच्या पत्नी आणि तिच्या शाळेतल्या शिक्षिका नेरेइदाबाईंच्या घरी नेऊन जोडला. दुपारी तीनला मोन्तेविदेओहून बाईंची लेक व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदाच बाळाचं तोंड दाखवणार होती.

इथे मात्र पडदा काळाच. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. ओदालिसनं टेबलापुढच्या खुर्चीत बसून तारा काढून पुन्हा लावल्या, मेमरी पुसून बसवली, शेवटी सिस्टीम चढवून बरोबर आणलेली दुसरी डिस्कही घालून पाहिली. घामानं पाठ भिजली, पण रेघ काही हलेना.

"बाई, दुकानात अगदी शहाण्यासारखा चालत होता हो!"

"शाळेतही तू हेच म्हणायचीस. घरी गणित येत होतं म्हणे!" बाई हसल्या. तीनला दहा मिनिटं उरली, तेव्हा मात्र जरा संकोचून म्हणाल्या, "ऊठ बघू त्या खुर्चीवरून."

ती उठली. बाईंनी उभ्यानंच बटण दाबलं आणि पडदा उजळला.

"त्याच्या जागी कुणी बसलेलं त्याला खपत नाही," बाई इतक्या सहज म्हणाल्या, जणू उस्ताद आत तोंड धुवायला गेले होते.

बाळ दिसलं, लेक रडली, दोघी तास दीड तास उभ्याच राहिल्या. खुर्चीच्या पायाखाली एखादी तार दबत असेल म्हणून ओदालिसनं निघताना वाकून पाहिलं. फरशी मोकळी होती. मग तिला एकदम भरून आलं. खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत ती पुटपुटली, "येते उस्ताद. कधी आमच्याकडेही या."

सोमवारी सकाळी दुकान उघडून ती कामाला बसली, तर तिचा स्वतःचाच संगणक सुरू होईना. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत होती. ती बघतच राहिली, तेवढ्यात फोन वाजला.

"ओदालिस," बाईंचा आवाज थोडा रुसलेला होता, "एवेलिओ तुझ्याकडे आलाय का गं? आज त्याची कॉफी तशीच राहिलीय."