आण्णांची किडनी आणि गोरज मुहूर्त

लग्नाला आठवडा उरला असताना ठाणे जिल्ह्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा आला, आणि ‘भोईर परिवार’ नावाच्या ग्रुपवर सगळ्यांना हसू फुटलं. वांगणीच्या काकाने लिहिलं, “हवामान खातं ऊन बोललं म्हणजे पाऊस येनार, छत्र्या काढा रे.” कुळगावच्या मावशीने व्हिडिओ टाकला, की खिशात कांदा ठेवला तर ऊन बाधत नाही. एका चुलतभावाला यात एसी विकणाऱ्यांची चाल दिसली. दुसऱ्याने थेट राजकारणच आणलं. गुरुवारी आमच्या भागातले पुढारी हिरामणशेठ यांची सभा आहे, ती पाडायला विरोधकांनी सोडलेली ही पुडी आहे, असं त्याचं ठाम मत होतं. घरातून बाहेर न पडता देशातल्या प्रत्येक कटाच्या तळापर्यंत पोचणारी माणसं प्रत्येक घराण्यात एक-दोन असतातच.

एकट्या सोनियाला हसू आलं नाही. लग्न तिचंच होतं.

सोनिया आण्णा भोईरांची थोरली मुलगी. अंबरनाथ पूर्वेला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती रक्ताच्या तपासण्या करायची. गेल्या वैशाखात शेजारच्या गावच्या लग्नात आण्णा भर दुपारी आहेराच्या रांगेत उभ्या उभ्या कोसळले. अंग तव्यासारखं तापलेलं, पण घामाचा थेंब नाही. उल्हासनगरच्या दवाखान्यात त्यांना शुद्धीवर आणताना डॉक्टरांची धावपळ झाली. नंतर डॉक्टर सोनियाला बाजूला घेऊन म्हणाले होते, “किडनीला मार बसलाय. सावरतील. पण पुन्हा असं ऊन अंगावर घेतलं, तर माझ्या हातात काही राहणार नाही.” पुढचे सगळे रिपोर्ट तिने स्वतः काढले होते, आणि प्रत्येक वेळी आकडा स्क्रीनवर येईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसायचा.

आण्णांचं म्हणणं वेगळं होतं. त्या दिवशी त्यांनी नवी सफारी घातली होती, म्हणून त्यांना नजर लागली. मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या, विषय संपला.

आणि आता पत्रिकेवर छापलं होतं, दुपारी बारा वाजून एकेचाळीस मिनिटं. शिरगावच्या पुढे, गावाच्या उघड्या मैदानावर मांडव. मुलीचा बाप म्हणजे सकाळपासून फेटा बांधून मांडवाच्या तोंडाशी उभा, येईल त्याला हात जोडणार. बरं, पत्रिकेवरचा मुहूर्त हा आमच्याकडे नुसता छापण्यापुरता असतो. लग्न लागतं ते साहेब आल्यावर. तोवर माईकवाला सरपंचांचं, माजी सरपंचांचं आणि भावी नगरसेवकांचं सहर्ष स्वागत करत राहतो, आणि पाहुण्यांच्या मुठीतल्या अक्षता घामाने चिकट होतात. हिरामणशेठ दोनच्या आत कुठल्याच लग्नाला पोचल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. म्हणजे बापाने किती वेळ उन्हात उभं राहायचं, याचा हिशोब सोनियाला मांडायचीही भीती वाटत होती.

तिने मग शिकलेली माणसं करतात तेच केलं. लॅबमध्ये डबा बाजूला सारून ग्रुपवर भला लांब मेसेज लिहिला. उष्माघात म्हणजे काय, शरीर तापलं की आत काय काय बंद पडतं, सगळं मुद्देसूद. कोणाला पटेना म्हणून शेवटी लिहून बसली, “आण्णांच्या किडनीला मागच्या वर्षी मार बसलाय, हे तुम्हाला माहीत नाही. प्लीज, लग्न संध्याकाळी लावू.”

बोटातून बाण सुटला होता. उन्हावरचं कोणी वाचलं नाही, किडनीवरचं सगळ्यांनी वाचलं. संध्याकाळपर्यंत आण्णांचा फोन वाजून वाजून गरम झाला. वांगणीच्या काकाने कुळथाचं पाणी प्यायला सांगितलं. मावशीने एका वैद्याचा नंबर धाडला. पार कर्जतहून कोणीतरी विचारलं, “डायलिसिस चालू झालं काय?” आणि सगळ्यात वाईट म्हणजे शिवमंदिराजवळ राहणाऱ्या होणाऱ्या सासूबाईंनी फोन करून अगदी गोड आवाजात विचारलं, “हे घराण्यात असतं का हो?”

सोनिया घरी आली तेव्हा आण्णा ओसरीवर तिची वाटच बघत होते.

“माझी किडनी गावभर केलीस?”

“आण्णा, मी काळजीनं लिहिलं हो.”

“काळजी घरान करतात, ग्रुपवर नाय. आता लोक बोलतील, आण्णा भोईर उन्हाला घाबरला. लगीन बाराएकेचाळीसलाच लागंल आनि मी दारातच उभा राहीन. मी काय मेन हाय वितळायला?”

ते उठून आत गेले. सोनिया ओसरीवर बसून रडली. रडू बापाच्या रागाचं नव्हतं. जी गोष्ट टाळायला गेली, तीच तिने स्वतःच्या हाताने घट्ट करून ठेवली होती, याचं होतं. आता खुद्द डॉक्टर घरी आले असते तरी आण्णा हटले नसते. प्रश्न उन्हाचा राहिलाच नव्हता, मिशीचा झाला होता.

गुरुवारी हिरामणशेठची सभा झाली. दुपारी चारची वेळ, मैदानात ओळीने खुर्च्या, आणि माणसं सगळी शेठच्याच मोठ्या बॅनरच्या सावलीत, स्टेजच्या मागच्या बाजूला. शेठनी भाषण रिकाम्या खुर्च्यांना केलं. गावात त्यावर पुष्कळ हसणं झालं. सोनिया हसली नाही, पण तिने ते नीट लक्षात ठेवलं.

त्याच संध्याकाळी ती ठमाबाईकडे गेली. ठमाबाई आण्णांची सख्खी आत्या, आणि गावची धवलारीण, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, धवले, गाणारी. आगरी लग्नात भटजी असोत वा नसोत, धवलारणीने धवले गायल्याशिवाय हळद लागत नाही की मांडवात पाऊल पडत नाही. पंचक्रोशीतल्या निम्म्या संसारांची सुरुवात ठमाबाईच्या गळ्यातून झाली होती, आणि त्यातल्या कोणालाही ती अजून अरे-तुरे करायची.

यावेळी सोनियाने किडनीचं नाव काढलं नाही. तिने फक्त विचारलं, “आत्ये, तुझ्या वेळेला लग्नं दुपारची लागायची?”

ठमाबाईने तांदूळ निवडता निवडता मान वर केली. “दुपारची? कोन लावायचा दुपारचा लगीन? मानसा शेतान असायची. गुरा घरी आली, दिवं लागलं, का मग नवरी मांडवान. धवल्यानच हाय तसा.” आणि तिने तिथेच सूर लावला.

*गाई आल्या दारी, धूल उडं अंगनी,*
*दिवा लाव गो माय, नवरी निंगाली...*

“मग दुपारचं कधीपासून झालं?”

“हॉल आलं, कॅट्रिंग आलं, पुढारी आलं.” ठमाबाईने सूप आपटलं. “दुपारला माझा गला सुकतं. दोन कडवी झाली का जीभ टाल्याला चिकटतं. पन मना कोन इचारतं?”

“मी विचारते,” सोनिया म्हणाली. मग मात्र तिचा बांध फुटला. “आत्ये, मला आण्णा पाहिजेत गं. लग्न राहू दे एकवेळ. मला ते पुढच्या वर्षी पण पाहिजेत.”

म्हातारीने तांदूळ बाजूला ठेवले, पदर खोचला आणि ती चालू पडली.

आण्णांच्या ओसरीवर जे झालं ते शेजाऱ्यांनीही ऐकलं. ठमाबाईने ना हवामान काढलं, ना तब्येत. “दुपारला मी धवले गानार नाय,” एवढंच म्हणाली.

“आत्या, पत्रिका छापल्यात!”

“तं पत्रिकाच गातील धवले.”

“आनि मुहूर्त?”

“गोरज मुहूर्ताला पंचांग लागत नाय. तुझा लगीन गोरजालाच लागलेला. मीच गायली. वाईट झाला काय तुझा?”

आण्णांनी आतल्या दाराकडे पाहिलं. तिथे बायको उभी होती. अशा वेळी शहाणा माणूस वाईट झालं म्हणत नाही.

“पन हिरामणशेठला दुपारचा टाईम दिलाय,” ते शेवटचा खांब धरून म्हणाले. “त्याला काय सांगू? लोक काय बोलतील?”

“शेठचं मी बघते,” सोनिया पटकन म्हणाली. आण्णा तिच्याशी बोलत नव्हते, म्हणून त्यांचं नाही म्हणायचंही राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेठच्या ऑफिसात पोचली. एसी एवढा होता की शेठनी अंगावर शाल घेतली होती. सभेचं दुःख ताजं होतं.

“बेटा, सब विरोधकों का काम है,” ते म्हणाले. “हीट वेव्ह, हीट वेव्ह करून पब्लिकला घाबरवून टाकलं. गरमी काय पहिल्यांदा आली काय?”

वाद घालायची उबळ सोनियाच्या घशापर्यंत आली. तापमानाचे आकडे तिला पाठ होते. पण ग्रुपवरच्या मेसेजने तिला एक गोष्ट शिकवली होती, की आकडा खरा असला म्हणून तो ऐकणाऱ्याच्या कामाचा असतोच असं नाही. तिने उबळ गिळली.

“शेठ, रविवारी दुपारी तुम्ही याल तोपर्यंत अर्धी माणसं जेवून घरी गेलेली असणार. उरलेली मांडवाच्या मागे सावलीत. परत खुर्च्याच.”

शेठनी शाल सारखी केली.

“तेच लग्न संध्याकाळी लागलं तर? थंड हवा, लाईटिंग, सगळे बसलेले. आणि तुम्ही सांगितलं, की या उन्हात माझ्या जनतेला त्रास नको, म्हणून मीच वेळ बदलायला लावली...”

शेठनी शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली. मग हसले. “तू लॅबमध्ये काय करतेस? पॉलिटिक्समध्ये ये.”

तासाभरात शेठचा व्हिडिओ आला. मागे झेंडा, पुढे ताकाचा ग्लास. “शास्त्रज्ञांनी दिलेला उष्णतेचा इशारा लक्षात घेता, नागरिकांच्या आरोग्यासाठी, आमचे मित्र आण्णा भोईर यांनी माझ्या शब्दाला मान देऊन आपल्या कन्येचा विवाह गोरज मुहूर्तावर ठेवला आहे. असा बाप प्रत्येक गावात पाहिजे!”

झालं! ज्या ग्रुपने आठवडाभर खिल्ली उडवली, त्याच ग्रुपवर आता आण्णांचं अभिनंदन सुरू झालं. वांगणीच्या काकाने लिहिलं, “मी पहिल्यापासून हेच बोलत होतो.” पुडीवाल्या भावाने झाडं लावायचा संदेश टाकला. सासूबाईंचा फोन आला, की आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनाही बरंच पडेल. मावशी तेवढी कांद्यावर ठाम राहिली. आण्णांनी व्हिडिओ तीनदा पाहिला, मिशीवरून हात फिरवला आणि सोनियाला हाक मारून म्हणाले, “जेवलीस काय गो?” भांडण मिटलं होतं.

रविवारची दुपार खरोखर भाजून काढणारी निघाली. मैदानातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांना हात लावता येईना. बाराच्या सुमारास ट्रान्सफॉर्मर उडाला आणि मांडवातले सगळे पंखे, कूलर बंद पडले. पत्रिका वाचून आलेले चारदोन पाहुणे मांडवात शिरले आणि तसेच बाहेर पळाले. हे कळल्यावर आण्णा फेटा बांधून निघालेच होते, “पावनी आल्यात, बाप नको काय दारान?” ठमाबाई उंबऱ्यात आडवी बसली. तिला ओलांडून जायची गावात कोणाची छाती नव्हती. मग आण्णांना मागच्या पडवीत ओल्या पंच्यावर निजवलं, सोनियाने हळदीच्या हातानेच त्यांना कोकमाचं पाणी पाजलं, आणि पाहुण्यांना शेजारच्या घरांमध्ये सावलीत बसवलं. थोड्या वेळाने आण्णा घोरायला लागले. तो आवाज सोनियाला सनईपेक्षा गोड वाटला.

उन्हं उतरली, लाईट आली, आणि माणसं लोटली. गोरज म्हणजे गाईंच्या खुरांची धूळ. शिरगावच्या बाजूला आता गाई कमी आणि बिल्डरांचे डंपर जास्त, पण धूळ मात्र भरपूर उडाली. हिरामणशेठ उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मुहूर्ताच्या आधी हजर झाले, कारण भरलेल्या खुर्च्यांचा फोटो आधी काढायचा होता. ठमाबाईचा गळा काय लागला! एकेक कडवं मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू जात होतं, आणि शहरातून आलेली पोरंसुद्धा फोन खाली ठेवून ऐकत होती.

मंगलाष्टकं संपली. मुठी वर झाल्या, कोरड्या अक्षता सळसळत अंगावर पडल्या आणि अंतरपाट खाली आला. समोर नवरदेव महेश हार घेऊन उभा होता, चांगला नटलेला, हसणारा. सोनियाने त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

“मी इकडं आहे,” महेश हळूच म्हणाला.

“थांब जरा.”

मांडवाच्या तोंडाशी, गुलाबी फेट्यात, हात जोडून आण्णा उभे होते. कपाळावर या वेळी चारचौघांसारखा घाम होता. सगळ्यांत शेवटी उरलेल्या अक्षता त्यांनी एवढ्या जोरात फेकल्या की निम्म्या हिरामणशेठच्या डोक्यावर पडल्या, आणि ते आपले स्वतःशीच खो-खो हसत राहिले.

सोनियाने डोळे पुसले, मान वळवली आणि हार उचलला. “हां,” ती महेशला म्हणाली, “आता लाव लग्न.”