बाजीभाऊ सारोळ्याला गेले

भोरच्या एसटी स्टँडसमोर जी खानावळ आहे, तिच्या पाटीवर ठळक अक्षरांत 'संजीवनी भोजनालय' असं लिहिलेलं आहे. पाटी चांगली मोठी आहे, तिला रंगही दोनदा देऊन झालाय, पण गेल्या सतरा वर्षांत ती कुणी वाचली असेल असं संजीवनीला वाटत नाही. लोक म्हणत, चला, बाजीकडं जाऊ. संजीवनी त्या वेळी समोरच बसलेली असे, भाकरी थापत.

बाजीभाऊ म्हणजे तिचे आचारी. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला धनगरवाड्यात त्यांचं घर. मेंढरं भावाच्या हवाली करून ते खाली उतरले आणि संजीवनीकडं मटणाचा काळा रस्सा करू लागले. त्या रश्श्याबद्दल तालुक्यात बऱ्याच गोष्टी सांगितल्या जात आणि त्यातल्या निम्म्या खऱ्या होत्या. पासलीकडचे लोक सोयरीक ठरवायला आले की आधी इथं जेवत आणि मग बोलणीला बसत, कारण जेवल्यावर भांडायची कुणाची तयारी नसे.

खानावळ नवी होती तेव्हाची गोष्ट वेगळी. तेव्हा माणसं आत येत, भिंतीवरच्या बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरी बघत, संजीवनीला आडनाव विचारत, आणि आज पोट जरा बरं नाही म्हणून उठून जात. भोरात इतकी पोटं एकदम बिघडलेली तिनं आधी कधी पाहिली नव्हती. मग बाजीभाऊ आले, रश्श्याचा वास स्टँडपर्यंत जायला लागला आणि महिन्याभरात बहुतेकांची पोटं सुधारली. ती कायमची सुधारली की रश्श्यापुरती, हे तपासायची वेळ मात्र तिच्यावर कधी आली नव्हती.

ती आली माघात. एका मंगळवारी दुपारची गर्दी ओसरल्यावर बाजीभाऊंनी तिला विचारलं की मोठं पातेलं कुठं बरं मिळतं. तिनं विचारलं, आपल्याला कशाला? ते म्हणाले, आपल्याला न्हाई. मग बराच वेळ त्यांनी कांदा चिरला. कांदा संपेपर्यंत एकेक करून तिला सगळं कळलं. मेव्हण्याची सारोळ्याला, नीरेच्या पुलाच्या अलीकडं, हायवेला लागून जागा होती. तिथं पाडव्याच्या मुहूर्तावर त्यांना स्वतःचं हॉटेल काढायचं होतं. त्यात काही वावगं नव्हतं. माणसानं सतरा वर्षं दुसऱ्याच्या चुलीपुढं काढली की आपली चूल मांडावीशी वाटणारच. संजीवनीनं पातेल्याचं दुकान सांगितलं आणि पातळ बुडाचं घेऊ नका, असंही सांगितलं. राहा, असं काही ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर ते राहिले असते, म्हणूनच म्हणाली नाही.

बातमी दुसऱ्या दिवशी गावभर झाली आणि लोक संजीवनीला भेटायला यायला लागले. येत, चपला बाहेर काढत, खाली बघून बसत. असं कसं अचानक झालं, म्हणत. एस.टी.तून रिटायर झालेले गेनूअण्णा कंडक्टर तर तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "आता जे हाय त्येला धरून ऱ्हायचं." बाजीभाऊ तेव्हा आत लसूण सोलत होते. त्यांनाही चहा गेला.

संजीवनीची मुलगी सारिका दोन वर्षं बाजीभाऊंच्या हाताखाली उभी राहून शिकली होती. रस्सा तिला जमत होता. मटण किती वेळ शिजवायचं, कट कधी वर येतो, वाटण किती भाजायचं, सगळं येत होतं. फक्त मसाला तिचा नव्हता. वर्षाचा काळा मसाला बाजीभाऊ चैत्रात एकदाच करत. सगळे जिन्नस स्वतः भाजत आणि कांडपावर बायकांच्या रांगेत एकटे बाप्ये म्हणून बसून कांडून आणत. तिथं ते कुणाला बरोबर नेत नसत. लपवायचं काही नव्हतं, रांगेत बायका त्यांना चिडवत आणि ते घरच्यांनी ऐकू नये एवढंच होतं.

जायच्या आधी त्यांनी सारिकाला बसवून सगळी मापं सांगितली. सारिकानं मोबाईलमध्ये लिहून घेतली. मिरची दहा किलो, निम्मी लवंगी, निम्मी ब्याडगी. धने चाळीस ओंजळी. सुक्या खोबऱ्याचे काप तीस ओंजळी. तीळ बारा. दगडफूल चार. लवंग, दालचिनी, नागकेशर ह्यांच्या मुठी. सांगताना ते डोळे मिटून बसले होते आणि हात हवेत भरत होते. एकदा चुकले तेव्हा स्वतःच थांबले आणि परत पहिल्यापासून सांगितलं. संजीवनी दारातून ऐकत होती. तिला बरं वाटलं. एवढं मोकळ्या मनानं कोण देतं हल्ली?

पाडव्याला ते गेले. जुना मसाला महिनाभर पुरला, आणि त्या महिन्यात गिऱ्हाईक उलट वाढलंच. संपायच्या आत एकदा खाऊन घेऊ, असा लोकांचा हिशोब होता. मग मायलेकींनी नवा मसाला केला. यादी समोर ठेवून एकेक ओंजळ संजीवनीनं स्वतः मोजली आणि सारिकानं भिंतीवर कोळशानं रेघा ओढल्या. कांडपावर बायकांनी बाजीभाऊंची चौकशी केली आणि सांगितलं की ते नाहीत तर रांगेला मजा नाही.

नव्या मसाल्याचा पहिला रस्सा झाला त्या दिवशी गेनूअण्णा नेहमीसारखे पहिले आले. त्यांनी भुरका मारला आणि चमचा खाली ठेवला. थोड्या वेळानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग वरच्या गुंड्या सोडल्या. मग त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा, खानावळीत ताक मागितलं. कसं झालंय, असं सारिकानं विचारलं तर म्हणाले, "चांगलंय. घाम निघतो. डॉक्टर म्हनतातच, घाम निघाया पायजे." पलीकडच्या टेबलावर एक माणूस जेवता जेवता रडत होता. त्याला काही दुःख असेल असं संजीवनीला सुरुवातीला वाटलं.

त्यांनी खोबरं वाढवून पाहिलं, मसाला कमी घालून पाहिला. कमी घातला की रस्सा पिवळट आणि पोरका दिसायचा, नेहमीएवढा घातला की माणसं टोप्या काढायची. दोन आठवड्यांत टेबलं रिकामी पडायला लागली. कुणी तक्रार केली नाही. तक्रार करणारं गिऱ्हाईक परत यायचं असतं.

संजीवनीला झोंबत होतं ते वेगळंच. दर रविवारी एका गाडीतनं येणारे चौघं होते, बाजारपेठेतले, वजनदार. नव्या मसाल्याच्या पहिल्या रविवारी ते आले, आणि टेबलावरचा तांब्या बाजूला सारून त्यांनी बाटलीचं पाणी मागितलं. आधी कधी मागितलं नव्हतं. तिखट लागलं म्हणावं तर रस्सा अजून यायचा होता. पुढच्या रविवारी ते आलेच नाहीत. आता बाकीची टेबलंही रिकामी दिसली की ती मनातल्या मनात विचारायची, हा मिरचीनं गेला की आडनावानं? माणूस उठून गेल्यावर पाठीवरून ते ओळखता येत नाही. आणि मिरचीनं गेला असेल तर इलाज होता.

गाव म्हणालं, बाजीनं एक जिन्नस लपवला. आचारी लपवतातच, त्यांच्या धंद्याची ती रीतच आहे. चार जणांनी चार जिन्नसांची नावंही सांगितली. आधी तिला राग आला गावाचा, मग हळूहळू बाजीभाऊंचा यायला लागला. शेवटी एका सकाळी तिनं नव्या मसाल्याचा डबा पिशवीत घातला, सारिकाचा मोबाईल घेतला, आणि कापूरहोळला गाडी बदलून सारोळ्याला उतरली.

हॉटेल नवं कोरं होतं, पत्र्याचं, पुढं ट्रक लावायला जागा. पाटीवर 'हॉटेल भैरवनाथ'. बाजीभाऊ पांढऱ्या शर्टात गल्ल्यावर बसले होते आणि तिथं त्यांना मुळीच शोभत नव्हतं. तिला बघून ते इतक्या घाईनं उठले की खुर्ची पडली. त्यांची बायको भागूबाई तांब्या घेऊन आली, घरची विचारपूस झाली, पोराबाळांचं झालं, उन्हाचं झालं. मग संजीवनीनं डबा टेबलावर ठेवला.

"बाजीभाऊ, यादीत काय न्हाई ते सांगा."

त्यांनी चिमूटभर मसाला जिभेवर ठेवला. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही.

"ताई, म्या तुमच्यापासनं काय लपवीन?"

"मग हे असं का झालं?"

त्यांनी मोबाईलवरची यादी सारिकानं लिहिली तशी वाचून घेतली, एकदा, दोनदा. सगळं बरोबर होतं. मिरची दहा किलो, व्हय. धने चाळीस ओंजळी, व्हय. सतरा वर्षांत त्यांच्यात भांडण झालेलं नव्हतं, त्यामुळं ते सुरू कसं करायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं.

भागूबाई चुलीपाशी ऐकत उभी होती. ती म्हणाली, "वंजळ कुनाची धरली?"

भागूबाईनं आतून धन्यांचं पोतं ओढत आणलं, परात मांडली आणि नवऱ्याला म्हणाली, भरा. बाजीभाऊंनी हात घातले. ते हात नुसते मोठे नव्हते. डोंगरात नुकतंच जन्मलेलं कोकरू दोन्ही हातांत घेऊन दोन-दोन कोस चालायची सवय असलेले होते. परातीत धन्यांचा एक ढीग पडला. मग संजीवनीनं शेजारी आपली ओंजळ रिकामी केली. भाकऱ्या थापून थापून तिचे तळवे पसरट झालेले होते आणि त्यांच्यात तसं फारसं काही मावत नव्हतंच.

दोन ढीग शेजारी शेजारी होते. तिघं त्यांच्याकडं बघत राहिले. बाहेर एक ट्रकवाला जेवण मागत होता, त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

"मिरची तेवढी किलोवर," बाजीभाऊ शेवटी म्हणाले.

"मिरची किलोवर," संजीवनी म्हणाली.

"बाकी समदं निम्म्यावर आलं."

"निम्म्याच्या थोडं वर," ती म्हणाली. तिलाही थोडा मान हवा होता.

गावानं चार जिन्नसांची नावं घेतली, पण हात मोजायचं कुणाला सुचलं नव्हतं. बाजीभाऊंना तर ओंजळ म्हणजे ओंजळ. दुसऱ्या कुणाची वेगळी असेल हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. भागूबाई म्हणाली, ह्यांच्या हाताच्या मापानं लुगडं घेतलं तवाच मला कळलं हुतं. मग तिनं ट्रकवाल्याला वाढलं.

पुढचं काम सोपं होतं. बाजीभाऊंची एक ओंजळ स्टीलच्या डब्यात ओतून संजीवनीनं खिळ्यानं आत रेघ मारून घेतली. तिखट मसाला टाकून द्यायचा नव्हता. राहिलेले जिन्नस भाजून, कांडून त्यात मिसळले की तो ठिकाणावर येणार होता. पण मग तो होणार होता पुऱ्या वर्षाचा, एवढ्यात न संपणारा. इकडं भागूबाईचं रडगाणं उलटं होतं. हायवेचं गिऱ्हाईक म्हणजे रांगच. वर्षाचा म्हणून केलेला मसाला दोन महिन्यांत तळाला गेलेला आणि ह्यांना गल्ला सोडून कांडपावर जायला फुरसत नाही. तेव्हा ठरलं की संजीवनीनं सगळा मसाला नीट करायचा आणि अर्धा सारोळ्याला धाडायचा. जिन्नस बाजीभाऊंनी दिले. गाडीत बसवून देताना ते म्हणाले की इथं माझ्याकडं कुणी भाकरीला नावं ठेवत नाही पण कुणी दुसरी मागतही नाही. एवढंच म्हणाले.

आठ दिवसांनी स्टँडवर पुन्हा वास गेला. गेनूअण्णा आले, जेवले, आणि टोपी डोक्यावरच राहिली. दोन भाकऱ्या जास्त खाऊन ते म्हणाले की मागचं औषधही तसं वाईट नव्हतं. मग बाकीचे आले. एकेक करून, काही झालंच नव्हतं अशा चेहऱ्यानं, तांब्यातलं पाणी पीत. ज्येष्ठ संपेपर्यंत जवळजवळ सगळी टेबलं भरली. बाजीकडं म्हणणारे अजून म्हणतच होते, पण एकदा पासलीकडचा एक पाहुणा फोनवर कुणाला तरी सांगताना तिनं ऐकला, "स्टँडसमोर, सारिकाकडं बसलोय." संजीवनीनं सारिकाकडं बघितलं. पाटी वाचणारं कुणी नव्हतंच, तेव्हा ती तिसऱ्यांदा रंगवायची की नाही हा प्रश्न तिथंच मिटला.

ते चौघं मात्र आले नाहीत. पहिला रविवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. रस्सा ठिकाणावर होता, वास स्टँडवर होता, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर दुसरेच लोक बसले होते. तेव्हा तिला जे कळायचं होतं ते कळलं. वाटलं होतं तेवढं लागलं नाही, पण लागलं.

चौथ्या रविवारी दुपारी, तवा तापलेला असताना, बाजीभाऊंचा फोन आला. आवाज बारीक काढून बोलत होते.

"ताई, ती चौघं हितं बसल्यात. तीन रविवार झालं, येत्यात."

"बरं."

"म्हनत्यात, बाजी, तुज्या हाताची चव भोरात कुनाला जमायची न्हाई. तिकडं आता काय राम न्हाई, म्हनत्यात." त्यांनी आवाज आणखी बारीक केला. "सांगू का त्यास्नी? मसाला कुनाच्या ओंजळीचा हाय त्ये?"

संजीवनीनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. समोर नऊ टेबलं भरलेली होती आणि सारिका दोन हातांत चार ताटं घेऊन चालली होती. सांगितलं तर चौघं उठतील, बाजीभाऊंचं एक टेबल जाईल, आणि चार पोटं बिघडतील ती निराळीच.

"नका सांगू," ती म्हणाली. "भरपेट जेवू द्या. रस्सा किती घेत्यात?"

"तीन-तीन वाट्या. वर पातेल्याकडं बघत्यात."

"मग बुधवारच्या एसटीनं डबा मोठा धाडते," संजीवनी म्हणाली.