खाटेपाशी बोललेलं

छाया गांगुर्डे वॉर्डची इन्चार्ज झाली ती दुसरं कुणी तयार झालं नाही म्हणून. गंगापूर रोडवरच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात स्त्रियांच्या वॉर्डात तिच्याहून जुनी होती मोहिनी. पण मोहिनीने तेव्हाच हात जोडले होते. "मला पेशंट द्या हो कितीही. माणसं सांभाळायला लावू नका." मग माणसं छायाच्या वाट्याला आली. कुणाची सुट्टी, कुणाचं रुसणं, कुणाला कुठली पाळी नको, हे सगळं निस्तरता निस्तरता तिला पेशंटच्या कपाळावर हात ठेवायलाही वेळ मिळेनासा झाला.

त्यात दवाखान्याच्या मुख्य सिस्टर, मेट्रन रोहिणी मॅडम, पुण्याहून प्रशिक्षण घेऊन आल्या. एका पाळीने दुसऱ्या पाळीच्या ताब्यात पेशंट द्यायचे, त्याला वॉर्डात सगळ्या 'ओव्हर' म्हणत. आजवर तो टेबलाभोवती बसून व्हायचा. मॅडमनी सांगितलं, यापुढे ओव्हर प्रत्येक खाटेपाशी उभं राहून द्यायचा, पेशंटच्या समोर. चुका कमी होतात, पेशंटलाही कळतं आपलं काय चाललंय.

"आणि खाटेपाशी जे नातेवाईक बसलेले असतात, त्यांनाही कळतं," मोहिनी बैठकीत म्हणाली. "त्यांचं काय करायचं?"

मॅडमनी छायाकडे पाहिलं. छाया त्या दिवशी सकाळपासून उभी होती. तिला वाद नको होता, घरी जायचं होतं. ती म्हणाली, "करून तर बघू. सुरुवातीला प्रत्येक गोष्ट जडच जाते."

मोहिनीने समोरची वही मिटली.

करून बघितलं, पण ते धड होईना. मॅडम राउंडला असल्या की सिस्टर खाटांपाशी उभ्या राहायच्या, त्यांची पाठ वळली की पुन्हा टेबलाशी. छाया आधी गोडीने बोलली, मग रागावली, मग रागवायचाही कंटाळा आला. दुपारच्या पाळीच्या पोरींना वाटे, इन्चार्जबाई मॅडमच्या झाल्या; मॅडमना वाटे, बाई पोरींना धाक दाखवत नाहीत. जात्यातल्या दाण्यासारखी ती दोन्हीकडून भरडली जात होती. शेवटी मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "तुम्ही स्वतः करून दाखवल्याशिवाय त्या करणार नाहीत. उद्या मी येते, तुम्ही ओव्हर द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी छायाने ओव्हर दिला. मॅडम मागे, दुपारच्या सिस्टर बाजूला, मोहिनी सगळ्यांत शेवटी. पहिल्या काही खाटा चांगल्या गेल्या. एका आजीने तर स्वतःहून सांगितलं की सलाइनची जागा ठणकतेय. मॅडम मान डोलवत होत्या. छायाला कधी नव्हे तो थोडा हुरूप आला, आणि तिचा आवाज चढला.

खिडकीजवळच्या खाटेवर शुभांगी होती. मखमलाबादकडची, गुलाबाच्या मळ्यात काम करणारी सून. तिसऱ्या महिन्यात रक्तस्राव होऊन आली होती आणि गर्भ वाचला नव्हता. उशाशी तिची सासू मंगलाबाई डाळिंब सोलत बसली होती.

"शुभांगी," छाया म्हणाली, "काल पिशवी साफ केली. आता रक्तस्राव कमी आहे, बीपी ठीक. गर्भ पडण्याची ही दुसरी वेळ. पहिला मागच्या वर्षी माहेरी गेलेली असताना..."

तिथे ती थांबली. पण शब्द तोंडातून सुटले होते.

मंगलाबाईच्या हातातलं डाळिंब तसंच राहिलं. तिने सुनेकडे पाहिलं. शुभांगीने तोंड भिंतीकडे फिरवलं. रोहिणी मॅडम म्हणाल्या, "पुढे चला." आणि सगळ्या पुढच्या खाटेपाशी गेल्या. उरलेला ओव्हर छायाने कसा दिला, तिचं तिलाच कळलं नाही.

ती शुभांगीच्या खाटेपाशी परत आली तेव्हा मंगलाबाई बाहेरच्या बाकावर जाऊन बसली होती. शुभांगी जागी होती.

"सिस्टर," ती हळू आवाजात म्हणाली, "मी तुम्हाला एकटीला सांगितलं होतं. भरती झाले तेव्हा. तुम्ही म्हणालात, डॉक्टरांना माहीत असायला हवं, बाकी कुणाला कळणार नाही."

"हो. मी म्हटलं होतं."

"मग?"

"चुकलं माझं," एवढंच छाया म्हणाली. शुभांगीने डोळे मिटले. हे ऐकून तिला काही हलकं वाटलं असेल, असं छायाला वाटलं नाही.

मग ती बाहेर गेली आणि मंगलाबाईच्या शेजारी बाकावर टेकली. तिला वाटलं होतं बाई भांडेल, आरडाओरडा करेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मावशी, तिला काही बोलू नका. बोलायचं तर मला बोला. ते तुमच्यासमोर सांगायला नको होतं."

"तिला काय बोलू?" मंगलाबाई म्हणाली. "आत्ताच आतून फाटलीय ती. पण बाई, वरीसभर माझ्याशेजारी फुलं तोडती, एका ताटात जेवती, अन् हे पोटात ठेवून बसली. मी काय खाल्लं असतं का तिला?" तिने पदराने हात पुसले. "आता तिला वाटंल मला कळलं ते बरं नाय झालं, अन् मला वाटंल तिनं सांगितलं नाय. तुमचं काय, तुम्ही संध्याकाळी घरी जाल."

बाई खोटं काहीच बोलत नव्हती.

ड्यूटी रूममध्ये मोहिनी बॅग भरत होती. तिची बस कधीच गेली असणार.

"म्हण ना," छाया म्हणाली. "आधीच सांगितलं होतं, असं म्हण."

"कशाला म्हणू? माझ्या तोंडूनही गेलं असतं." मोहिनीने खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बस आधी. चेहरा बघ कसा झालाय."

"तू त्या दिवशी बोललीस आणि मी तुला गप्प केलं. मला नुसतं घरी जायचं होतं गं."

"माहितीय. म्हणून तर मी पुढे बोलले नाही." मोहिनीने बॅगची चेन ओढली. "पण एक सांगू? त्या आजीचं सलाइन टेबलाशी बसून आपल्याला कळलं नसतं. हात सुजला असता तिचा."

दोघी तिथेच बसून बोलत राहिल्या. जे दुसऱ्याच्या कानावर जाऊ नये ते आधी ड्यूटी रूममध्ये दार लावून बोलायचं. मग खाटेपाशी जायचं, नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगायचं, आणि पेशंटला विचारायचं की कुणी जवळ असलेलं चालेल का. यात नवं काहीच नव्हतं. पहिल्याच बैठकीत मोहिनीला पुरतं बोलू दिलं असतं तर हे तेव्हाच ठरलं असतं.

सकाळी छाया हे घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेली. मॅडम म्हणाल्या, "एका चुकीसाठी पद्धत बदलायची? बाहेरचे लोक तपासणीला येणार आहेत. आत्ता नको."

"मॅडम, आत्ताच," छाया म्हणाली. आवाज चढवायची ताकद तिच्यात नव्हती, म्हणून तो अगदी साधा निघाला. "नाहीतर इन्चार्ज दुसरी बघा. मी कालच्यासारखं पुन्हा करणार नाही, आणि पोरींना करायलाही सांगणार नाही."

काल शुभांगीच्या खाटेपाशी मॅडमही होत्या. "पुढे चला" असं त्याच म्हणाल्या होत्या. अखेर त्यांनी पेन खाली ठेवलं. "करा तुमच्या मनासारखं. काही झालं तर उत्तर तुम्ही द्यायचं."

"आजही मीच देतेय," छाया म्हणाली आणि बाहेर आली.

त्या दुपारी तिने दोन्ही पाळ्यांच्या सिस्टरना एकत्र बसवलं आणि काल आपल्याकडून काय झालं ते कुठलीही सारवासारव न करता सांगितलं, मग नवी पद्धत समजावली. कुणी मान खाली घातली, कुणी चुळबुळ केली. एकीने विचारलं, "दोन ठिकाणी ओव्हर म्हणजे अजून उशीर होणार ना?" छाया म्हणाली, "होणार. सकाळच्या पाळीतल्या दोघींनी आळीपाळीने लवकर सुटायचं, त्यांच्या खाटा मी घेईन." हे बोलताना आपण स्वतःच्या मानेवर आणखी एक जू घेतोय, हे तिला कळत होतं. पण दुसरी काही वाट दिसत नव्हती.

ओव्हर मोहिनीने दिला. खाटेपाशी जाऊन ती आधी पेशंटचं नाव घ्यायची आणि मग पोरींकडे वळायची. शुभांगीच्या खाटेपाशी तिने मंगलाबाईला बाहेर थांबायला सांगितलं. मंगलाबाई उठली. शुभांगी म्हणाली, "राहू द्या त्यांना." मंगलाबाई पुन्हा बसली. सुनेकडे तिने पाहिलं नाही, पण बसली.

घरी जाताना शुभांगी छायाशी एक शब्दही बोलली नाही. सोमनाथ, तिचा नवरा, रिक्षा घेऊन आला होता. मंगलाबाईने सुनेचा दंड धरून तिला पायऱ्या उतरवल्या. त्या दोघींचं पुढे काय झालं, हे छायाला कधी कळणार नव्हतं.

महिनाभराने मॅडमनी सांगितलं, ही पद्धत आता सगळ्या मजल्यांवर न्यायची; छायाने शिकवायचं.

"मोहिनी शिकवेल," छाया म्हणाली. "मी सोबत जाईन. माझ्याकडून काय झालं तेवढं सांगेन."

"मला माणसं नको म्हटलं होतं ना," मोहिनी जिन्यात कुरकुरली.

"म्हटलं होतंस."

आणि दोघी वरच्या मजल्यावर निघाल्या, मधल्या वळणावर थोडं थांबून, दम घेऊन.