दोन्ही बाह्या डाव्या

कपड्यांच्या कारखान्यात मी धागे कापते. शिवून आलेल्या शर्टांचे लोंबते धागे कातरायचे, बस. बसायची जागा कटिंगच्या टेबलाला लागूनच, त्यामुळे नको ते सगळं दिसतं.

कटिंगवाली बाळाला सासूकडे ठेवून पाच महिन्यांनी कामावर आली. पूर्वीची तिची ऐट काय सांगू! तिनं खडू उचलला की मास्तरसुद्धा गप्प बसायचा. आता तीच बाई एकेक रेघ तीनतीनदा मोजत होती. मास्तर येता-जाता टोचायचा, "जमत नसेल तर धाग्यांवर बस. आरामाचं काम आहे." आरामाचं म्हणे! माझ्या मानेला विचारा.

तिसऱ्या दिवशी कापडाचे ऐंशी थर अंथरलेले, वर तिनं आखलेलं. मी पाणी प्यायला उठले आणि बघतच राहिले. दोन्ही बाह्या डाव्या! एक आखून झाल्यावर बाहीच्या मापाचा पुठ्ठा पालथा करायला ती विसरली होती. कापायचं मशीन तिच्या हातात तयार; ते फिरलं की ऐंशी शर्टांचा निकाल.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

"मशीन ठेव खाली," मी हळूच म्हटलं. "बाह्या बघ."

तिनं पाहिलं आणि चेहरा पांढराफटक पडला. "मावशी, माझं डोकंच चालत नाही हो. तिकडे बाळ रडतं, इकडे हे. मी मास्तरांना सांगते, धाग्यांवर बसवा. बाळ जरा मोठं झालं की येईन परत."

"मीही असंच म्हटलं होतं."

तिला कळेना. मी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. "हा मास्तर यायच्या आधी या टेबलावर मी होते. मुलगी चार महिन्यांची असताना कॉलर चुकली. कापायच्या आधी कुणी सांगितलं नाही, नंतर मात्र सगळे बघायला जमले. मीच म्हटलं, थोडे दिवस धागे कापते."

"मुलगी केवढी आहे आता?"

"कॉलेजात जाते."

 खडूची रेघ पुसून तिनं पुठ्ठा पालथा केला. तेवढ्यात मास्तर आला, तशी मी जागेवर बसून कात्री उचलली. "काय गं, नाही ना जमत?"

"जमतंय," ती म्हणाली. "पण थोडे दिवस कापायच्या आधी मावशी माझी आखणी बघतील."

मास्तर हसला. "ही? हिला आखणीतलं काय कळतंय?"

"तुम्ही यायच्या आधी या टेबलावर त्याच होत्या."

 मी कात्री खाली ठेवली आणि टेबलापाशी जाऊन उभी राहिले.