सुनावणी फक्त खिडक्यांची

मी ग्रॅनव्हिल बोलतेय. अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या मध्यवस्तीतली, विटांची सात मजली इमारत. सरोवरावरचा वारा आधी मला झोडपतो, म्हणून माझं पश्चिमेकडचं अंग कायम काळवंडलेलं.

मला बांधलं फिरत्या विक्रेत्यांसाठी. ते स्टेशनवरून पेट्या घेऊन यायचे, रात्र काढून जायचे. पुढे गाड्या कमी झाल्या, पोलादाचे कारखाने बंद पडले, मध्यवस्ती ओस पडली. माझ्या खोल्या आठवड्याच्या भाड्याने जाऊ लागल्या. छत गळायचं, लिफ्ट रुसायची. पण शुक्रवारी जिन्यात तळलेल्या माशांचा वास दरवळायचा, आणि सकाळी कुणाचं दार उघडलं नाही तर शेजारी ते ठोठावायचे.

चौथ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत व्हर्ना टिलमन राहायची. इस्पितळाच्या धुलाईखान्यातून निवृत्त झालेली. समोर स्टॅन वोयचिक, पोलादाच्या भट्टीवरचा जुना कामगार.

मग मध्यवस्तीला पुन्हा भाव आला. एका कंपनीने मला पाडायला म्हणून विकत घेतलं. शहरातली शिकलेली माणसं ‘वारसा वाचवा’चे फलक घेऊन बर्फात उभी राहिली. त्यांच्यात व्हर्नाही होती. इमारत वाचली की आपली खोली वाचली, असा तिचा साधा हिशेब.

मी वाचले; शहराच्या वारसा यादीत माझं नाव लागलं. कंपनीने माझं उंची हॉटेल करायचं ठरवलं आणि दारोदार खोल्या सोडण्याच्या नोटिसा लागल्या.

हॉटेलचे आराखडे मंजूर करणाऱ्या वारसा समितीच्या सुनावणीला व्हर्ना आणि स्टॅन गेले. परत आल्यावर स्टॅनने जिन्यात साऱ्या मजल्याला ती करून दाखवली.

“‘मॅडम, आजचा विषय फक्त खिडक्या,’” त्याने अध्यक्षांचा आवाज काढला. “‘चौकटी लाकडी की अ‍ॅल्युमिनियमच्या, तेवढंच बोला.’”

“आणि मी काय म्हटलं ते सांग की!”

“ही म्हणते, ‘खिडकीबद्दलच बोलतेय साहेब. तिच्या आत मी बसते.’”

सगळे खो खो हसले.

“मग?” कुणीतरी विचारलं.

“मग काय, घंटी वाजवली. वेळ संपली.”

“अहो, पण ठरलं काय?”

“लाकडी,” व्हर्ना म्हणाली. “एकमताने.”



स्टॅन पुतण्याच्या तळघरात राहायला गेला. व्हर्नाला बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे खोली मिळाली. कंत्राटदारांनी मला आतून खरवडून काढलं. फक्त दिवाणखान्यातली एक भिंत पोपड्यांसकट ठेवली आणि त्यावर चकचकीत रोगण मारलं. पाहुण्यांना जुनेपण आवडतं म्हणे! गरीब हाकलले, त्यांच्या भिंतीचे पोपडे जपले.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी व्हर्ना आत आली. टोपीवरचं बर्फ झटकून उभी राहिली.

“मी इथे राहायचे,” ती म्हणाली.

काउंटरवरचा तरुण खुलला. “अरे वा! परत आलात, फार बरं वाटलं मॅडम. या वेळी कुठली खोली देऊ?”

“चौथ्या मजल्यावरची, कोपऱ्यातली.”

त्याने एका रात्रीचा दर सांगितला. अगदी अदबीने.

“राहू दे बाळा,” ती म्हणाली, आणि बसथांब्याकडे निघाली. वर तिच्या खोलीत कुणीतरी पडदा ओढून घेतला.

मला वाचवणाऱ्यांनो, माझ्यासारखी दुसरी एखादी वाचवायला निघाल तेव्हा आधी तिच्या खोल्यांमध्ये कोण राहतं ते विचारा. चौकटींचं मग बघा. आणि तेवढं विचारायला वेळ नसेल, तर तिला खुशाल पाडा. निदान तिला हे बघत उभं राहावं लागणार नाही.