देवाचा वळू, ईश्वरअप्पांचा बैल

मित्रांनो, मी एक थकलेला बैल आहे. पण मी जन्मभर बैल नव्हतो. काही वर्षे मी देव होतो.

झरीजवळच्या एका गावात, ईश्वरअप्पांच्या गोठ्यात माझा जन्म झाला. रंग तांबडा, जात लाल कंधारी. ईश्वरअप्पांचा मुलगा महांतेश तेव्हा तापाने फणफणला होता. त्याच्या आजीने, गंगम्माने, नवस केला, पोरगं उठलं तर हे वासरू महादेवाला सोडीन. पोरगं उठलं. मग चौघांनी मला आडवं पाडून दाबलं आणि तापल्या लोखंडाने माझ्या मांडीवर त्रिशूळ उमटवला. कातडं जळाल्याचा वास सुटला आणि लोक “हर हर महादेव” म्हणाले.

त्या दिवसापासून मी मोकळा. कुणाच्याही दारात उभा राहिलो की भाकरी मिळायची. बाया माझ्या पायांवर पाणी घालायच्या. गावातली निम्मी वासरं माझी. सटवाजी नावाचा शेतकरी तर गाय घेऊन माझ्यामागे रानोरान हिंडला होता. त्याला कालवड झाली, तेव्हा त्याने माझ्या कपाळाला कुंकू लावलं.

त्याच सटवाजीच्या सोयाबीनमध्ये एका सकाळी मी शिरलो. कोणतं रान कुणाचं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याने मला हाकललं नाही. भाकरी दाखवून बाभळीपाशी नेलं आणि बांधलं. त्याच्या भावाने शेपूट पिरगाळून धरलं आणि सटवाजी माझ्या मागच्या पायांमध्ये काठीने मारू लागला.

“लय माज आलाय ना तुला? जिरवतोच!”

मी गुडघ्यांवर कोसळलो तरी काठी थांबली नाही.

माझी अंडं सुजून भोपळ्याएवढी झाली. चालताना पाय फाकवावे लागत. पुढे तर बसताही येईना. कातडं फुटलं, पू वाहू लागला, माशा घोंगावू लागल्या. मी देवळापुढे उभाच असे. बाया नाकाला पदर लावून लांबूनच नमस्कार करत. डॉक्टर बोलवायचा का, असं कुणी विचारलं, तर ईश्वरअप्पा म्हणाले, “देवाचा हाय. देव बघून घेईल.”

एकटी गंगम्मा रोज हळद आणि तेल घेऊन यायची. तिचा हात लागला की मी वेदनेने लाथ झाडायचो. एकदा लाथ बसून ती पडली. दुसऱ्या दिवशी लंगडत आली, पण आली. गावात गुरांना लस टोचायला अनुपमा डॉक्टर आल्या, तेव्हा म्हातारीने त्यांना हाताला धरून ओढतच माझ्यापाशी आणलं.

डॉक्टर खाली वाकून बघत म्हणाल्या, “आजी, आत सगळं सडलंय. दोन्ही काढावी लागतील. नाहीतर हा मरेल.”

ईश्वरअप्पा धावत आले. “देवाचा वळू खच्ची करायचा? पाप लागंल! मेला तर मरू द्या, समाधी बांधू आमी.”

“अन् ठेचला तवा न्हाई लागलं पाप?” गंगम्मा कडाडली. “बाई, तुमी कापा. पाप माझ्या माथ्यावर.”

भुलीची सुई टोचली. डॉक्टरांनी दोन्ही अंडं कापून बादलीत टाकली. बादलीभोवती कुत्री जमली. हळूहळू ठणका गेला, जखम भरली आणि कितीतरी दिवसांनी मी खाली बसून झोपलो.

मी जगलो, पण देव राहिलो नाही. आता दारात गेलो की काठी मिळे. मग एके दिवशी ईश्वरअप्पा दावं घेऊन आले.

गंगम्मा आडवी आली. “ईश्वरा, देवाला दिलेलं परत घेतोस?”

“अव्वा, देवाला दिला तो वळू. हा तर बैल हाय.”

त्यांनी माझं नाक टोचून वेसण घातली. जू कधी न पाहिलेली माझी मान पहिल्याच पेरणीत सोलून निघाली. थांबलो की ते पराणी टोचतात, नेमकी त्रिशुळाच्या डागावर. गंगम्मा आता शेतात येत नाही. तिला बघवत नाही.

मित्रांनो, तुमच्याही दारात असं एखादं मुकं जनावर येईल. ते कुणाचं आहे, हे विचारत बसू नका. ते पाय फाकवून का चालतंय, हे बघा आणि वेळेवर डॉक्टरांना बोलवा. माझ्यापुढे वाकणारे पुष्कळ होते. माझी जखम बघायला मात्र गावातली एकटी म्हातारी वाकली.