न म्हटलेलं ओमीन

माझा थोरला मुलगा मला वहिनी म्हणतो, आणि बापाला दादा. आमच्यात पहिला नातू आजी-आजोबांचा. चाळीस दिवस झाले की तो त्यांच्या घरी जातो आणि त्यांनाच आई-बाबा म्हणत वाढतो. एर्मेकला एनेंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी नेलं तेव्हा मी वीस वर्षांची होते. सगळ्यांनी हात पसरले, एनेंनी दुआ दिली, मी सगळ्यांबरोबर ओमीन, म्हणजे तसंच होवो, म्हटलं आणि मग गोठ्यामागे जाऊन दुधाने भिजलेला सदरा बदलला. एकदा दुआ झाली, ओमीन झालं, की त्यावर कोणी बोलत नाही. मीही बोलले नाही.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी तुरातने, माझ्या नवऱ्याने, इसिक-कुल सरोवराच्या काठी जेवण ठरवलं. थेट पाण्यात खांब रोवून बांधलेलं हॉटेल, टोकाचं टेबल. आम्ही दोघं, एने, एर्मेक, त्याची बायको मीरिम आणि त्यांचा दोन महिन्यांचा तिलेक. मी पोचले तेव्हा एर्मेक बाळाला म्हणाला, "बघ रे, काकू आल्या!" मी हसले. पंचवीस वर्षांत एवढं तर जमायला लागलंय.

तळलेला मासा आला तेव्हा तुरात माझ्या कानाशी लागला.

"तुला भेट आहे आज. एनेंशी बोलून ठेवलंय. आपला एर्मेक त्यांनी घेतला, आता त्याचा मुलगा आपल्याला. जेवण झालं की दुआ देणार आहेत."

"मीरिमला विचारलं?"

"तिला काय विचारायचं? तुला कोणी विचारलं होतं?"

बिचारा खूश होता. त्याला खरंच वाटत होतं की माझं जे गेलं ते तो परत आणून देतोय. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही ते पोर हवंसं वाटलं. दोन्ही मुली सासरी गेल्या, घर खायला उठतं. त्याच्या डोक्याचा वास माझ्या नाकात आला, टेबलाच्या पलीकडून.

मग मी मीरिमकडे पाहिलं. तिला कळलेलं होतं. ताटातला मासा तिने मोडलासुद्धा नव्हता. एक हात बाळाच्या पाठीवर, दुसरा त्याच्या पायाशी, आणि नजर एनेंच्या हातांवर. ते हात वर झाले की संपलं, हे तिलाही ठाऊक होतं.

चहा आला. मी वाढप्याच्या हातातून किटली काढूनच घेतली.

"अगं, आज तुझा दिवस आहे, बस की," तुरात म्हणाला.

"सूनच ओतते चहा," एने म्हणाल्या. "बरोबर आहे तिचं."

मी त्यांच्या पेल्यात दोन घोट ओतले. आमच्यात मानाच्या माणसाला थोडाच चहा देतात. तो पुन्हा मागतो, आपण पुन्हा ओततो. जोवर चहा चालू, तोवर दुआ नाही. मी त्यांना घोटघोट पाजत राहिले. जर्दाळू पुढे केले, गुडघेदुखी विचारली, मेंढ्यांची विचारपूस केली. त्यातून काय निघणार होतं, मलाच ठाऊक नव्हतं. सूर्य पलीकडच्या डोंगरांवर टेकला. तेवढ्यात बाळ रडलं, मीरिमने त्याला घट्ट धरलं, आणि माझा हात हलला. एनेंचा पेला काठोकाठ भरला.

भरलेला पेला म्हणजे, प्या आणि निघा.

एनेंनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला घालवतेस होय गं? बरं. निघतेच. दुआ देऊन निघते."

त्यांनी हात पसरले. तुरातने पसरले, एर्मेकने पसरले. मीरिमने बाळाला मांडीवर ठेवलं आणि हात पसरले. मी किटली धरून बसले.

"हात पुढे कर, सूनबाई."

"नाही, एने."

आयुष्यातला हा माझा त्यांना पहिला नकार.

"डोकं फिरलंय का तुझं?" तुरात पुटपुटला.

"या पोराबद्दल दुआ असेल तर मी ओमीन म्हणणार नाही. मला नकोय तो. त्याला आई आहे."

एनेंचे हात तसेच पसरलेले. "एर्मेकला मी काय कमी केलं? उपाशी ठेवला? मारला?"

"लाडात वाढवलात. पण तो मला वहिनी म्हणतो."

एर्मेकने मान खाली घातली.

"माझाही नेला होता," एने म्हणाल्या. "तुरातच्या आधीचा. मी नाही बोलले."

"माहीत आहे. तुम्ही नाही बोललात, म्हणून मीही नाही बोलले. आता हिनेही बोलायचं नाही का?"

एनेंनी भरलेला पेला बाजूला सरकवला. मग हात पुन्हा नीट पसरले. एकदा त्यांनी सुरू केलं की मीसुद्धा त्यांना अडवू शकत नव्हते.

"या दोघांचा संसार टिको," त्या म्हणाल्या. "रस्ते मोकळे राहोत. पाणी गोड लागो." थांबल्या. "लेकरं आपापल्या आयांपाशी वाढोत. ओमीन."

मी किटली ठेवली, चेहऱ्यावरून हात फिरवले. मीरिमला ओमीन म्हणताच येईना, इतकी ती रडत होती.

परतताना लाकडी पुलावर तुरात माझी वाट न बघता निघाला. त्याचा राग मला कळत होता. त्याचाही मुलगा गेला होता. एने त्याचा हात धरून पुढे चालत होत्या. मीरिम मागून आली.

"एने, जरा धरता का याला?" ती मला म्हणाली. आजवर तीही मला वहिनीच म्हणायची. "सकाळपासून पोटात काही नाही माझ्या."

तिने पिशवीतून बोरसोकचा, तळलेल्या पावाचा, तुकडा काढून तोंडात कोंबला. एर्मेकने बाळ उचलून माझ्याकडे दिलं.

"जा रे, आजीकडे जा," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "मान धरा हं त्याची, वहिनी."

मी मान धरली.